वाढत्या अंगाची खुर्ची

बेबीनंदाची मापं मला अजून तोंडपाठ आहेत. उजव्या खांद्यापासून कमरेपर्यंत चौदा इंच, डाव्या खांद्यापासून साडेबारा. एकाच पोरीच्या दोन बाजू. हा दीड इंच मी कितीतरी वर्षं कापडात जिरवला आणि फाट्यावरच्या एकाही बाईला तो दिसू दिला नाही. त्या वेळी मला त्याचा अभिमान वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो.

मी मच्छिंद्र. आमचं गाव भोकरदनच्या अलीकडं, जालन्याच्या रस्त्याला. घर शेतकऱ्याचं. थोरला भाऊ बद्रीनाथ शेती बघायचा. मला ढेकळांत रस नव्हता, म्हणून सातवीनंतर जालन्याला एका मास्तरच्या हाताखाली शिवणकाम शिकलो आणि एसटी थांबते त्या फाट्यावर मशीन मांडली. गावातली माणसं चिडवायची, ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा!’ मी म्हणायचो, नको तर नको, फाटल्यावर सुतळीनं शिवा. तोंडाचा मी फटकळ, पण टेपला पक्का. रस्त्यानं चाललेल्या माणसाची छाती मी मशीनवरून मान वर करून सांगायचो, आणि अर्ध्या इंचाच्या वर चुकलो तर शिलाई घेत नसे.

बद्रीनाथला १९८१ साली लेक झाली. दवाखान्यातली नर्स तिला बेबी बेबी म्हणत राहिली, दुर्गावहिनींच्या मनात नाव होतं नंदा. शाळेच्या दाखल्यावर दोन्ही एकत्र लिहिली गेली आणि पोर कायमची बेबीनंदा झाली. दोन वर्षांची असताना तिला ताप आला. तीन दिवस राहिला आणि जाताना दोन्ही पाय घेऊन गेला. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं सुई बाधली. जालन्याच्या डॉक्टरांनी एका शब्दात सांगितलं, पोलिओ. वहिनी त्या दिवशी रडल्या नाहीत. घरी आल्या, चूल पेटवली आणि भाकरी थापता थापता एकदम परातीवरच वाकल्या. मी दारात उभा होतो. 

पोरगी मात्र रडकी निघाली नाही. हातात चपला घालून ती अंगणभर सरकायची. दिवाळीला नवी चप्पल घ्यायला गेलो की दुकानदाराला ठणकावून सांगायची, “पायाच्या मापाची नको, हाताच्या मापाची द्या.” शाळेत बद्रीनाथ तिला खांद्यावर घालून न्यायचा. पाठ ताठ, वेण्या ताठ, आणि जीभ तर माझ्यापेक्षा चार बोटं लांब. खांद्यावर बसून ती रस्त्यावरच्या सगळ्यांना नावं ठेवत जायची. “काका, तुमच्या दुकानावरची पाटी वाकडी हाय,” असं मला रोज ओरडून सांगायची. पाटी खरंच वाकडी होती. मी ती मुद्दाम सरळ केली नाही.

आता जरा आमच्या धंद्यातलं. पोराचा कपडा शिवायला आलेली आई टेप लागायच्या आधी एक वाक्य बोलतेच: “वाढत्या अंगाचं शिवा.” मग पहिल्या वर्षी बाह्या बोटांवर लोंबतात, तिसऱ्या वर्षी कोपराला भिडतात. अंगाबरोबरचा कपडा पोराला फक्त मधल्या वर्षी मिळतो. कुणी सांगितलं नाही तरी माझा हात आपोआपच दोन इंच पुढं सरकायचा. वीस वर्षांत त्याबद्दल एकाही आईनं तक्रार केली नाही.

१९९१ च्या उन्हाळ्यात शाळेच्या गुरुजींनी एक छापील फॉर्म आणला. जालन्याची एक संस्था पोलिओ झालेल्या लेकरांना चाकाची खुर्ची देणार होती. फॉर्मवर मापं लिहायची होती: बैठकीची रुंदी, पाठीची उंची, मांडीची लांबी. गुरुजी म्हणाले, घरात टेपवाला माणूस असताना कुणाला विचारायचं? मला ते फार आवडलं. कापड बेतायच्या टेबलावर मी बेबीनंदाला बसवलं, टेप लावली. बसल्या जागी रुंदी भरली अकरा इंच. मी फॉर्मवर 13 लिहिलं. आकडे इंग्रजीत, टेपवर असतात तसे.

पोरीचं लक्ष होतंच. “काका, अकरा म्हणले अन् तेरा लिहून राह्यले.”

“वाढत्या अंगाचं लिहिलं, बेबे. तू काय एवढीच ऱ्हाणार हाय का?”

“मंग मी वाढन का?”

“न वाढायला काय झालं? खुर्ची मोठी आली की बघ कशी भराभर वाढतीस.”

“पाय बी?”

मी टेप गुंडाळत होतो. बाहेर एक गिऱ्हाईक उभं होतं. “पाय बी,” असं म्हणालो आणि तिला टेबलावरून उचलून खाली ठेवलं. बोलायला काय जातं, असं आपण म्हणतो. मीही तेच समजत होतो.

फॉर्मवर बापाची सही लागायची, म्हणून तो दोन दिवस भावाच्या घरी होता. मग बद्रीनाथनंच तो भोकरदनच्या पोस्टात टाकला.

खुर्ची आठ महिन्यांनी आली, एसटीच्या टपावरून. अख्खा फाटा गोळा झाला. खाली उतरवली तेव्हा माझ्या डोळ्यांनी सवयीनं माप घेतलं आणि मी चमकलो. ती बाप्या माणसाची खुर्ची होती. बेबीनंदाला तीत ठेवलं तर परातीत एक लाडू ठेवावा तशी दिसली. दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन इंच जागा, पाय ठेवायच्या फळीपर्यंत पाय पोचेनात. सगळे हसले. मी तिथंच त्या संस्थेला शिव्या घातल्या. म्हटलं, एवढी मापं लिहून दिली, वाचायचे कष्ट कुणी घेतले नाहीत, जी हाताला लागली ती पाठवून दिली. फाट्यावर कुणी विचारलं की वर्षभर मी हेच सांगत होतो.

सगळ्यांत खूश होती बेबीनंदा. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. दोन्ही बाजूंच्या मोकळ्या जागेत ती हात घालून बघत होती, जणू तिथं काही ठेवलेलं होतं. वहिनींनी दोन वाकळांच्या घड्या करून बाजूंना खोचल्या. “असू द्या मोठी,” त्या म्हणाल्या, “दोन वर्षांत भरन.”

वाकळा रोज सरकायच्या. चाकाला हात पुरावा म्हणून पोर एका बाजूला झुकायची, कायम डावीकडं. त्या खुर्चीत ती सातवीपर्यंत शाळेत गेली. मग पुढची शाळा भोकरदनला, रोज नेणार कोण? म्हणून ती माझ्या दुकानात येऊन बसू लागली. काज, बटण, हातशिलाई. तिचं काज इतकं बारीक असायचं की भोकरदनचे टेलर मला विचारायचे, हे मशीनचं का? मी हो म्हणायचो आणि बेबीनंदा तोंडावर कापड धरून हसायची.

वर्षं गेली, खुर्ची काही भरली नाही. पाठ मात्र वाकत गेली. हे आधी कुणाला कळलं? मला. तिचा पहिला ब्लाउज बेतला तेव्हा दोन खांद्यांत अर्ध्या इंचाचा फरक लागला. मला वाटलं टेप सरकली. परत लावली, तेवढाच. पुढच्या वर्षी पाऊण इंच, मग एक, मग दीड. मी काय केलं? डाव्या खांद्याला आतून कापडाची घडी घातली, उजवीकडचा टक्स खोल घेतला, आणि अंगावर घातल्यावर पोर सरळ दिसू लागली. वहिनी कौतुकानं म्हणायच्या, “भावजी, तुमच्या हातचा ब्लाउज घातला की माझी बेबी कशी बराबर दिसती.” मी मान डोलवायचो. झाकली मूठ सव्वा लाखाची. दुकानात तिच्यावर मी ओरडायचो, “सरळ बस की!” ती म्हणायची, “बसले की काका, दिसून न्हाई राह्यलं का?” तिला खरंच वाटायचं, आपण सरळ बसलोय.

त्या वेळी वहिनींना एक शब्द बोललो असतो, तर त्यांनी पोरीला पाठंगुळी मारून जालन्याला नेलं असतं. मी बोललो नाही. का बोललो नाही ह्याची कारणं मी रात्रंदिवस स्वतःला दिली आहेत, त्यातलं एकही खरं नाही. खरं एवढंच की माझ्या हातचा कपडा चांगला बसत होता आणि मला तो मोडायचा नव्हता.

अठराव्या वर्षी तिचा दम तुटायला लागला. पूर्वी ती गिऱ्हाइकाला एका दमात झाडायची. आता अर्ध्यावर थांबायची, तोंड उघडून हवा घ्यायची आणि मग उरलेलं बोलायची. तोवर गिऱ्हाईक निघून गेलेलं असायचं. वहिनी घाबरल्या. १९९९ च्या दिवाळीनंतर त्या, बेबीनंदा आणि मी जालन्याला गेलो. त्याच संस्थेनं आता तिथं कायमचं केंद्र उघडलं होतं आणि खुर्चीचं माप घ्यायला तिथं शिकलेल्या बाई होत्या. वयानं तरुण, बोलणं मऊ. सगळे त्यांना मॅडम म्हणत.

माप घेणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी पाहिलं. मॅडमनी बेबीनंदाला उताणं झोपवलं, कुशीवर वळवलं, मग एका लाकडी फळीवर बसवून एका बाजूच्या मांडीखाली पातळ पातळ ठोकळे सरकवले. प्रत्येक ठोकळ्याला विचारायच्या, “आता बरं वाटतंय? आता श्वास येतोय?” दोन तास. एकही इंच जास्तीचा धरला नाही. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. मला माझ्या टेपची लाज वाटली.

मॅडम म्हणाल्या, “पाठीचा बाक आता पक्का झालाय. सरळ होणार नाही. खुर्ची ह्या बाकाला धरून करावी लागेल, म्हणजे तो वाढणार नाही आणि छातीला जागा मिळेल.” वहिनींनी विचारलं, हे कशानं झालं. त्या म्हणाल्या, “थोडा बाक पोलिओनं आलाच असता. किती त्यानं आला आणि किती मोठ्या खुर्चीनं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.”

मी उसळून म्हणालो, “पण तुमच्या संस्थेनंच तर पाठवली होती! मी मापं लिहून दिली होती!”

मॅडम रागावल्या नाहीत. आत गेल्या आणि एक जुनी फाइल घेऊन आल्या. पिवळा पडलेला फॉर्म माझ्यासमोर धरला. बैठकीची रुंदी: 18. “अठरा म्हणजे मोठ्या माणसाचं नेहमीचं माप,” त्या म्हणाल्या. “कुणाला शंका आली नसेल.”

अक्षर माझं होतं. एक माझा होता. पण आठ माझा नव्हता. माझा तीन होता आणि त्याच्या डाव्या बाजूला कुणीतरी दोन फरकाटे मारून त्याचा आठ केला होता. वहिनी वाकून बघत होत्या. त्यांना अक्षरं येत नव्हती, पण एसटीच्या नंबराच्या पाटीवरचे इंग्रजी आकडे येत होते. “भावजी, हे अठरा हाय ना?” त्यांनी विचारलं.  मॅडमनी फाइल मिटली आणि वहिनींना बाहेरच्या खिडकीवर सही-अंगठा द्यायला पाठवलं. स्वतःही आत गेल्या.

आम्ही दोघंच उरलो. बेबीनंदा जमिनीकडं बघत होती.

“काका, ते म्या केलं.”

“काय?”

“तेराचे अठरा. फॉर्म घरी व्हता तवा. अण्णांनी सही केल्ती अन् वावरात गेल्ते.” ती थांबली, हवा घेतली. “तीनचा आठ करायला लई सोपा ऱ्हातो.”

“कामून गं?”

“तुम्ही म्हणले व्हते, खुर्ची मोठी आली की भराभर वाढतीस. पाय बी.” परत हवा. “मला वाटलं, दोन इंचानं पायापर्यंत न्हाई पुरायचं. म्हणून जरा जास्त केलं.”

मी तिथल्या बाकावर बसलो.

“मंग लई दिस वाट पाह्यली,” ती म्हणाली. “रोज सकाळी हात घालून पाह्यचे, बाजूला किती जागा ऱ्हायली ते. मंग एक दिवस कळलं, काही न्हाई व्हत. तवापासून पाह्यलं न्हाई.”

 दहा वर्षांची पोर, शाळेचं पेन, आणि मी टेप गुंडाळता गुंडाळता टाकलेला एक शब्द. तो तिनं उचलून जपून ठेवला होता. मी माझ्याच तोंडात मारून घ्यायला हात उचलला. तिनं तो मधेच धरला. “मी माईला सांगते,” ती म्हणाली. “इतकी वर्षं सांगावं सांगावं म्हणते.”

“बिलकुल न्हाई,” मी म्हणालो. “एक शब्द न्हाई. तुला माझी शपथ हाय.”

वहिनी परत आल्या. बोटाची शाई पदराला पुसत त्यांनी सरळ मला विचारलं, “ते अठरा कोणं लिहिलं, भावजी?”

“मी,” मी म्हणालो. “वाढत्या अंगाचं म्हणून.”

 दीर म्हणून वहिनी माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या, तेव्हाही बोलल्या नाहीत. “चड्डी हाय का ती?” त्या म्हणाल्या. “चार दिस ढगळ घातली अन् मंग बराबर झाली? माझ्या लेकराची पाठ हाय, भावजी.” मग त्यांनी पोरीचा ब्लाउज खांद्यावर चाचपला, आतली कापडाची घडी त्यांच्या बोटांना लागली, आणि मी बाक झाकत होतो तेही त्यांना कळलं. “आजपासून माझ्या पोरीला टेप लावू नका.”

बेबीनंदानं तोंड उघडलं. मी तिच्याकडं असं पाहिलं की ते तिनं मिटलं.

येताना एसटीत वहिनी माझ्याकडं पाठ करून बसल्या. दुसऱ्या दिवसापासून बेबीनंदाचं दुकानात येणं बंद झालं. बद्रीनाथ अधूनमधून यायचा, तंबाखू मळायचा आणि निघून जायचा. आपलेच दात, आपलेच ओठ. पोरीचा पुढचा ब्लाउज वहिनींनी भोकरदनला शिवला. तिथल्या टेलरनं दोन्ही बाजूंना एकच माप धरलं. संक्रांतीला ती तो घालून दारात बसली होती आणि पोरीची पाठ केवढी वाकली आहे, ते गावानं पहिल्यांदा पाहिलं.

नवी खुर्ची फेब्रुवारीत आली. माय-लेकी जालन्याला जाऊन ती बसवून बघून आल्या होत्या. परत येताना खुर्ची टपावर होती. माझ्या दुकानासमोरच उतरवली. मी मशीनवरून उठलो नाही, पण डोळे कोण मिटणार? कपडा नुसता खुंटीला टांगलेला असला तरी तो कुणाचा आहे ते मला ओळखू येतं. ती खुर्ची रिकामी होती आणि मला तीत बेबीनंदा बसलेली दिसली. पाठीची गादी डावीकडं झुकलेली, एका बगलेखाली जाड उशी, दुसऱ्या बगलेखाली पातळ, बैठक एका अंगाला उचललेली. सगळी मापं बरोबर होती. इतकं बरोबर माप मी आयुष्यात कधी घेतलं नाही.

बद्रीनाथ गावात नव्हता. वहिनी पोरीला एकटीनं बसमधून उतरवू लागल्या, तसा मी धावलो. “राहू द्या, भावजी,” त्या म्हणाल्या. मी परत मशीनवर जाऊन बसलो. कंडक्टरनं हात लावला. पोर खुर्चीत बसली, वहिनींनी पट्टे आवळले. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला आणि बेबीनंदा कडाडली, “थांबा की जरा मास्तर, भोकरदन काय पळून चाललं का, अजून आमची पिशवी वर हाय अन् तुम्हाला कसली जल्दी होऊन राह्यली!”

सगळं एका दमात. मध्ये कुठंही थांबली नाही. बसमधली माणसं हसली, वहिनीही हसल्या, आणि मी हातातल्या कुणाच्या तरी शर्टात तोंड खुपसून रडलो.

वहिनी पिशवी घ्यायला बसच्या मागं गेल्या. बेबीनंदा दुकानाकडं बघून हळू आवाजात म्हणाली, “काका, आता सांगू का?”

“नको.”

“तुम्ही एकटे पडून राह्यले.”

“पडू दे. तू नीट बस.”

वहिनी आल्या, त्यांनी खुर्ची गावाच्या रस्त्याला वळवली आणि ढकलू लागल्या. मी दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिलो. मला माहीत होतं, ती मागं बघणार. तिचा एक हात चाकावर आला, खांदा जरासा हलला. पण दोन्ही बगलांखालच्या उशांनी तिला नीट धरून ठेवलं होतं. त्या खुर्चीत वळता येत नव्हतं. ती समोर बघत गेली आणि वळणापर्यंत मला फक्त तिच्या वेण्या दिसत राहिल्या.

बेबीनंदा त्यानंतर चार वर्षं जगली. थंडीतल्या एका खोकल्यानं गेली. मॅडम म्हणाल्या, त्या खुर्चीनं तिला ही चार वर्षं मिळाली. वहिनी माझ्याशी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत आणि बेबीनंदानं माझी शपथ मोडली नाही, मीही खरं सांगितलं नाही. बद्रीनाथ आधीच गेला होता, मागच्या वर्षी वहिनीही गेल्या, म्हणून आता हे लिहिलं. आता माझ्यावर रागावायलाही कुणी उरलं नाही.